पिवळा दोन टक्के

ऑफिसने प्रूफ काढायचा प्रिंटर टेम्पोत घालून माझ्या घरी पाठवला, तेव्हा सोसायटीच्या वॉचमनला वाटलं, मॅडम लॉकडाऊनमध्ये झेरॉक्सचं दुकान टाकतायत. प्रिंटर चांगला पाच फूट लांब. लिफ्टमध्ये मावेना, मग सात मजले जिन्याने चढवला. हॉलमधलं शोकेस गॅलरीत गेलं, दिवाण भिंतीला सरकला आणि टीव्हीच्या पुढ्यात त्या धुडाची स्थापना झाली. बाबा खुर्चीत बसून सगळं निमूट बघत होते. माणसं गेल्यावर म्हणाले, "बसवलात खरा. आता विसर्जन कधी?"

विसर्जन कधी ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

मी पॅकेजिंग डिझायनर आहे. मसाल्याची खोकी, बिस्किटांचे पुडे, औषधांची वेष्टनं. आमच्या आठ जणांच्या स्टुडिओत रंग शेवटचा पास करायचं काम माझ्याकडे होतं. फाइल छपाईला जाण्याआधी एक नमुना कागद काढतात, त्याला आम्ही प्रूफ म्हणतो. तो नीट बघायचा, कोपऱ्यात ओके लिहून सही करायची, आणि मग प्रेसमध्ये त्या कागदाबरहुकूम हजारो खोकी छापली जातात. स्टुडिओत त्यासाठी खास पांढऱ्या दिव्यांचं टेबल होतं. प्रिंटर आला, टेबल काही येऊ शकलं नाही. बाकीचे सात जण आपापल्या घरी. कोणी ओट्यावर लॅपटॉप ठेवून, कोणी पलंगावर पोराच्या ऑनलाइन शाळेशेजारी. एकच लाल रंग एकाच्या स्क्रीनवर टोमॅटो दिसायचा, दुसरीच्या स्क्रीनवर बीट. आणि दोघंही मला फोन करून ठणकावून सांगायचे की आपलाच बरोबर.

मग मी काय करायचे, तर प्रूफ काढून हॉलच्या ट्यूबलाइटखाली धरायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. तीन दिवस बाबांनी सहन केलं.

चौथ्या दिवशी म्हणाले, "त्या ट्यूबखाली काय बघतेस? ट्यूबखाली मेलेला माणूस पण गोरा दिसतो."

बाबांनी तीस वर्षं आणि वर काही, ऑफसेटच्या छपाई मशीनवर काढली. कोकणातून आले ते थेट प्रेसमध्ये. शाई हाताने कालवायची, कागद मशीनवरून उचलायचा, एक नजर टाकायची आणि सांगायचं, निळा चढलाय. त्यांच्या डोळ्याला प्रेसमध्ये मान होता. इतरांच्या मशीनवरचे कागदही त्यांच्याकडे यायचे. मग नवीन मशीन आलं, ते स्वतःच रंग मोजतं म्हणे, आणि बाबा घरी बसले. मी डिझायनर झाले त्याचं त्यांना कौतुक होतं, पण माझ्या कामाबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. "तुमचं सगळं नंबरावर," एवढंच. आई गेल्यावर तर बोलणं आणखी आटलं. मी सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. ते पेपर वाचायचे, खाली बाकावर बसायचे, वर यायचे. आम्ही एका घरात राहत होतो, बस.

त्या दिवशी त्यांनी प्रूफ माझ्या हातून घेतलं आणि मागच्या खोलीत गेले. तिथली खिडकी उत्तरेची, पारसिकच्या डोंगराकडची. तिथे ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो. "रंग बघायचा तो दहा ते अकरा," ते म्हणाले. "त्याच्या आधी उजेड निळा, नंतर पिवळा. आणि हा तुझा लाल ड्रेस बदलून ये. त्याची झाक कागदावर पडते."

मला हसू आलं. पण बदलून आले.

तेव्हापासून आमचा तो नेम झाला. मी आईची एक पांढरी ओढणी काढली आणि दहा वाजता अंगावर घ्यायचे. बाबा नऊलाच आंघोळ करून पांढरा शर्ट घालून तयार. दहाची ऑफिसची मीटिंग मी साडेअकराला ढकलली, कारण काहीतरी सांगितलं नेटचं. खिडकीच्या कट्ट्यावर राखाडी पुठ्ठा, त्यावर प्रूफ, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी. बाबा आधी लांबून बघायचे, मग जवळून, मग खिशातलं छोटं भिंग कागदाला टेकवून. मग तांबड्या पेन्सिलीने कोपऱ्यात ओके आणि तारीख. त्याच्या खाली माझी सही.

ते दिवस आठवले की मला आजार आठवत नाही, भीती आठवत नाही. असायला हवी, पण नाही आठवत. तो उजेड आठवतो. पाम बीच रस्त्यावर एक गाडी नाही, त्यामुळे कानात एक पोकळी असायची आणि त्या पोकळीत खाडीकाठच्या दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूने सुकत घातलेल्या मासळीचा वास हळूहळू यायचा. डोंगर रोज थोडा पुढे सरकल्यासारखा वाटायचा. कोणता वार आहे ते आम्हाला ठाऊक नसायचं. बाबा कागद बघता बघता मध्येच बोलायचे, कोणत्या रंगात काय मिसळलं की पोपटी येतो, पावसाळ्यात कागद कसा फुगतो, त्यांच्या उस्तादाला नुसत्या वासावरून शाई कशी कळायची. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आणि मला वाटायचं, मी शाळेतून आलेय आणि बाबा लवकर घरी आलेत.

खरं सांगायचं तर मी त्या तासासाठी जगत होते.

मग हळदीच्या दुधाच्या पावडरचं खोकं आलं. तेव्हा जो तो हळदच पीत होता. खोकं पिवळं, मधोमध पितळेचा पेला. पहिलं प्रूफ मी काढलं, मला ते आवडलं. बाबांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मळकट आहे. पिवळा दोन टक्के काढ."

काढला. दुसऱ्या दिवशी परत, "अजून दोन काढ." तिसऱ्या दिवशी परत दोन, आणि पुढे आठवडाभर रोज तेच. मला दिसत होतं की हळद उतरत चाललीय. मी म्हटलंसुद्धा, "बाबा, फिकं नाही ना होत?"

"फिकं? डोळे तपासून घे. दिवसभर त्या स्क्रीनमध्ये घालून बसतेस."

आणि मी काय केलं, तर स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं. बाबा म्हणतात म्हणजे असणार. त्यांनी ओके लिहिलं, मी खाली सही ठोकली.

खोकी छापून आली त्या दिवशी आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी मीटिंगमध्ये एक खोकं कॅमेऱ्यासमोर धरलं. "ही हळद आहे?" त्यांनी विचारलं. "मला तर ताकाची कढी वाटतेय." मी सांगितलं की प्रिंटरची शाई संपत आली होती, माझ्या लक्षात आलं नाही. पहिलं खोटं ते. दुसरं लगेच पाच मिनिटांनी, हॉलमध्ये. बाबांनी विचारलं, "कसं आलं खोकं?" मी म्हटलं, "मस्त."

त्याच आठवड्यात दिवाळ्याची कोळीण गेटवर आली. आठवड्यातून एकदा तिला परवानगी होती, तीही गेटबाहेरूनच. बाबा गॅलरीत उभे राहून रोज खाडीकडे बघायचे, दिवाळ्याची सगळी छपरं त्यांना पाठ होती. मी खाली निघाले तर म्हणाले, "ती हिरव्या ताडपत्रीच्या घरातली ना? काल तिच्या अंगणात मांदेली वाळत होती. ओली आहेत का विचार."

मी गेटवर तिला तसंच विचारलं. ती हसली. "हिरवी कंची? माज्या घरावर निली ताडपत्री हाय. मीच आनली, मी नाय वलखनार?"

पिशवीत मांदेली घेऊन मी वर आले आणि गॅलरीत गेले. खाली ताडपत्री स्वच्छ निळी होती. आजूबाजूलाही सगळ्या निळ्याच. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "बाबा, ती कसल्या रंगाची हो?"

"हिरवी. का?"

"काही नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. हळदीचं खोकं कसं पांढरं पडलं ते तेव्हा उमगलं.

डॉक्टरांना दाखवलं ते वाचायला त्रास होतो म्हणून. बाबांचीच तक्रार होती की पेपरची अक्षरं हल्ली बारीक छापतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. पण तातडीच्या सोडून सगळी ऑपरेशनं थांबली होती, नंबर लागेल तेव्हा कळवू म्हणाले. बाबा बाहेर गेल्यावर मी हळूच रंगांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चहातून बघितल्यासारखं दिसतं त्यांना. सगळं पिवळं, तपकिरी. आणि हळूहळू होतं ना, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही."

रिक्षात बाबा म्हणाले, "मोतीबिंदू वाचायला आडवा येतो. रंगाला नाय."

मी मान डोलावली. कारण मला एकाच गोष्टीची धास्ती होती. बाबांना कळलं की आपला डोळा गेलाय, तर ते त्या खिडकीत परत पाऊल ठेवणार नाहीत. पांढरा शर्ट कपाटात जाईल, ते पेपर घेऊन खुर्चीत बसतील आणि आम्ही पुन्हा एका घरात नुसते राहू. मला ते नको होतं. त्यांच्यासाठी नको होतं असं मी मनाला सांगायचे, पण माझ्यासाठीच जास्त नको होतं.

म्हणून मी दोन प्रूफ काढायला लागले. एक बाबांचं, एक खरं. बाबा दहा वाजता म्हणायचे, पिवळा दोन टक्के काढ; मी काढायचे, ते ओके लिहायचे, मी खाली सही करायचे. तो कागद ते आपल्या हाताने एका फाइलीत लावायचे, जुन्या सवयीने, क्रमाने. आणि दुपारी मी दुसरा कागद माझ्या डोळ्याने बघून प्रेसला पाठवायचे. खोकी बरोबर यायला लागली. प्रमुख बाई खूश. बाबाही खूश. एकदा तर कौतुकाने म्हणाले, "बघ, आपली जोडी जमली." मी त्यांना आणखी भात वाढला.

असे किती महिने गेले कोण जाणे. लोक मास्क लावून फिरायला लागले, प्रेसमधली माणसं परत आली, आमचा स्टुडिओ मात्र घरूनच चालू राहिला. आणि एक दिवस हॉस्पिटलचा फोन आला. नंबर लागला होता. आधी उजवा डोळा, महिन्याभराने डावा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी ती फाइल कपाटातून काढली. फाडून टाकावी असं मनात होतं. वरचाच कागद हळदीच्या खोक्याचा होता, प्रेसमधून परत आलेला, ओके लिहिलेला, अक्षर वळणदार, घोटलेलं. मला धीर झाला नाही. परत ठेवून दिली.

पट्टी सुटली त्या दिवशी घरी येताना बाबा रिक्षातून आकाशाकडेच बघत होते. "एवढं निळं कधीपास्नं असतं?" त्यांनी विचारलं. घरी आल्यावर गॅलरीत गेले. डावा डोळा हाताने झाकला, दिवाळ्याकडे बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. परत डावा. पुष्कळ वेळ त्यांचं तेच चाललं होतं. मी चहा ठेवला, चहा उकळून उकळून काळा झाला.

"फाइल आण," ते म्हणाले.

दहा कधीच वाजून गेले होते, दुपार होती. पण ते उत्तरेच्या खिडकीत जाऊन उभे राहिले आणि एकेक कागद कट्ट्यावर ठेवायला लागले. एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा. डाव्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला ते सगळे कागद ठीक दिसत असणार, त्यांनी ओके केले होते तसेच. उजव्याला काय दिसत होतं ते त्यांच्या तोंडावरून मला कळत होतं. त्यांनी एकही कागद सोडला नाही. शेवटचा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "प्रेसला काय गेलं?"

मी सांगितलं. पहिलं खोकं तसंच गेलं, मग ताडपत्रीवरून कळलं, मग दुसरे कागद. सगळं सांगितलं. सांगताना मला वाटलं, रागावतील, डोळा गेला म्हणून दुखावतील.

ते म्हणाले, "आमच्या प्रेसमध्ये माणसाचा डोळा उतरला की शेजारच्या मशीनवाल्यानं त्याला बाजूला घ्यायचं. चहा पाजायचा. आणि तोंडावर सांगायचं. त्या दिवसापास्नं त्याचा कागद दोघांनी बघायचा. कोण हसत नव्हता. पण कोण लपवत पण नव्हता." मग कागद सारखे करत, "माझ्या उस्तादाला मी सांगितलं होतं. दोन दिवस टाळलं. पण सांगितलं. तू माझी सख्खी पोर, तुला नाय सांगता आलं?"

मी रडले. ते रडणं बघायला थांबले नाहीत, बाहेर जाऊन खुर्चीत बसले.

पुढचे चार दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. डोळ्यात थेंब घाल. पाणी दे. दहा वाजता मी ओढणी घेऊन खिडकीत जायचे आणि एकटीच उभी राहायचे. कधी नव्हे ते मला स्पष्ट दिसत होतं, कुठला रंग चढलाय, कुठला उतरलाय, आणि त्याचा मला काडीचाही आनंद होत नव्हता. सही करताना वर ओकेची जागा रिकामी असायची. हॉलमधून पेपर उलटल्याचा आवाज यायचा. मला त्यांचा राग आला, मग माझा आला. एवढा मोठा माणूस, त्याला मी काचेच्या भांड्यासारखं जपत बसले. कोणी सांगितलं होतं मला?

पाचव्या दिवशी मी हॉलमध्ये गेले. हातात शेवयांच्या पाकिटाचं प्रूफ होतं. "बाबा," मी म्हटलं, "चहा ठेवलाय. आणि कागद दोघांनी बघायचाय."

त्यांनी पेपरवरून वर बघितलं. चाललेली बातमी पुरी वाचली. मग उठले. शर्ट बदलला नाही, चौकड्याच्या बुशशर्टावरच आले, तेवढा राग शिल्लक होता. कागदासमोर उभे राहिले, डावा डोळा झाकला, लांबून बघितलं, जवळून बघितलं.

"गारठलाय," ते म्हणाले. "पिवळा दोन टक्के घाल."

मी कागद बघितला. शेवया जशा हव्यात तशा होत्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, नव्या डोळ्याला काही दिवस सगळंच निळसर दिसेल. माझ्या ओठांवर होय आलं होतं, इतक्या महिन्यांच्या सवयीनं. दोन टक्के घालायचे, ओके घ्यायचं, दुपारी खरं पाठवायचं. किती सोपं होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "बरोबर आहे तो. तुमचा डोळा निळा बघतोय."

ते माझ्याकडे वळले. "नक्की?"

"नक्की."

"मग मला कशाला बोलावतेस?"

"मला एकटीला बघायचं नाही म्हणून."

बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, रस्ते परत सुरू झाले होते. बाबांनी कागद उचलला, परत एकदा बघितला आणि माझ्या हातात दिला. काही लिहिलं नाही त्यावर. कट्ट्यावर ठेवलेला चहा मात्र घेतला, उभ्या उभ्याच प्यायले.

"उद्या काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लोणच्याची बाटली."

"मग लालावर लक्ष ठेव," ते म्हणाले. "लालात तू पहिल्यापास्नं कच्ची."